जुने घर आणि पाण्याची वाट

नाशिक रोडला एखादे जुने घर विकायला निघाले की घेणारा आधी घराचे वय विचारतो आणि मग किंमत. ज्याला त्या घरात राहायचे आहे त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: या घरावर पडणारे पाणी कुठल्या वाटेने बाहेर जाते? नुसत्या वयावरून घराबद्दल फारसे कळत नाही. देवळाली गावात मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची घरे तीन-तीन पिढ्या उभी आहेत, आणि जेलरोडच्या काही इमारतींचे स्लॅब मात्र चाळिशीच्या आतच सुटू लागले आहेत. घर म्हातारे झाले म्हणून पडत नाही. आधी पाण्याची वाट बुजते, मग भलत्याच जागी दुरुस्ती होते, आणि शेवटी खर्चाचा निर्णय घ्यायला कोणी पुढे येत नाही. जुन्या घराच्या मालकाचा सगळा मनस्ताप या तीन गोष्टींत असतो.

इथली घरे समजून घ्यायची तर गाव कसे वाढले ते आधी पाहावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नाशिक शहरात गेलीच नाही. स्टेशन शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर झाले आणि तिथून शहरात जायला १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली, ती आधी घोडे ओढत. स्टेशनाच्या आसऱ्याने दुकाने, वखारी आणि कौलारू घरे उभी राहिली. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आली. त्याआधी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून यायची. १९२७ मध्ये मध्यवर्ती कारागृह झाले आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. कायमचा पगार आला तसा कर्ज काढून स्वतःचे चार खोल्यांचे घर बांधणारा वर्ग तयार झाला. १९८२ मध्ये नाशिक रोड-देवळालीची नगरपालिका नाशिक महापालिकेत विलीन झाली आणि पुढच्या वीस वर्षांत अपार्टमेंटांची रांग लागली. त्यामुळे आज एकाच रस्त्यावर तीन पिढ्यांची घरे दिसतात: कौलारू, विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेली, आणि काँक्रीटच्या सांगाड्याची. तिघांचे दुखणे वेगळे आहे. औषध मात्र सगळ्यांना सर्रास एकच दिले जाते, ते म्हणजे सिमेंट.

कौलारू घरापासून सुरुवात करू. या घराचे बांधकाम साधे आणि फार विचारपूर्वक केलेले असते. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीत किंवा चुन्यात बांधलेली विटांची जाड भिंत. छपराचे ओझे बहुधा भिंतीवर नसतेच, ते सागवानी खांब आणि तुळया पेलतात. प्रत्येक खांबाखाली तळखडा असतो, म्हणजे घडवलेला दगड, जेणेकरून लाकडाचा पाय जमिनीला टेकू नये. वर वासे, रिपा आणि मंगलोरी कौले. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि रेल्वेमुळे ही कौले पश्चिम भारतभर पोचली. प्रत्येक कौल शेजारच्या कौलात अडकते, त्यामुळे खिळा लागत नाही आणि फुटलेले एक कौल पाच मिनिटांत बदलता येते. पावसाचे पाणी वळचणीवरून पागोळ्यांनी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडते. सगळी रचना पाण्याला भिंतीपासून दूर ठेवण्यासाठी आहे.

या रचनेची एकच मागणी असते, वर्षातून एकदा शाकारणी. मे महिन्यात कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, सडलेली रीप काढायची. हे काम थांबले तेव्हापासून कौलारू घरांना उतरती कळा लागली. कौले चाळणारे हात कमी झाले, मजुरी वाढली आणि मालकाने कंटाळून पत्रे टाकले. पत्र्याने गळती थांबते हे खरे. पण बऱ्याच घरांत पत्रा टाकताना वळचण आखूड केली जाते, पन्हळ बसवायचे राहून जाते, आणि जे पाणी लांब पडत होते ते थेट जोत्याशी कोसळू लागते. वरची गळती खाली भिंतीच्या पायात उतरते. चार वर्षांनी भिंत ओली दिसली की मालक म्हणतो, जुनी भिंत आहे, ओल येणारच.

त्यातच आणखी एक गोष्ट घराबाहेर घडलेली असते. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर पडतो आणि जुना थर खरवडून काढला जात नाही. तीस-चाळीस वर्षांत रस्ता इतका वर येतो की ज्या घरात पूर्वी तीन पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आता एक पायरी उतरून जावे लागते. जोते जमिनीत गाडले जाते. पाऊस पडला की रस्ता उंच आणि घर खोलात, अशी उलटी अवस्था. मालकाची यात काहीही चूक नसते, आणि भुर्दंड मात्र त्यालाच बसतो. माझ्या मते जुन्या वस्तीतल्या घरांचे सर्वात मोठे नुकसान याने केले आहे, आणि याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

देवळाली गावातल्या अशाच एका घराची पुढची भिंत उघडताना मी जवळून पाहिली. जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा होता, त्यावर ऑइलपेंट. त्याच्या वर, पाचव्या फुटाला, पोपडे आणि काळसर ओल. दर दिवाळीला रंग देऊन घरातल्या काकू थकल्या होत्या.

"काकू, हे सिमेंट कुणी मारलं?" मिस्त्रीने छिन्नी लावता लावता विचारले.

"मागच्या ठेकेदारानं. म्हणाला, आता पंधरा वर्षं बघायला नको."

गिलाव्याच्या हातभर रुंदीच्या खपल्या फारसा जोर न लावता सुटल्या. मागे वीट अशी उरलीच नव्हती, होता तो विटेचा ओला भुगा. बोटाने खरवडला की नखात भरत होता. सांध्यांतली माती वाहून गेली होती आणि कडेने पांढरे मीठ फुलले होते. आत, भिंतीशी लागून असलेल्या खांबाचा तळखडा कुठे दिसेना. जुन्या शहाबादी फरशीवर नवी टाइल, तिच्यावर आणखी एक टाइल, असे करत जमीन वर आली होती आणि दगड तिच्याखाली गाडला गेला होता. खांबाचे लाकूड आता ओल्या भरावात उभे होते. मिस्त्रीने टोच्या मारला तो दोन इंच आत गेला. वरचा सगळा खांब खणखणीत होता.

हे असे का होते ते नीट समजले तर पुढचा पुष्कळ खर्च वाचतो. वीट आणि माती यांत सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. केशाकर्षणाने जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते, साधारण तीन-चार फुटांपर्यंत. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जात असते, म्हणून ओल एका उंचीला थांबते. वर सिमेंटचा दाट थर दिला की वाफेची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, ते सिमेंटच्या मागून आणखी वर चढते आणि जिथे सिमेंट संपते तिथे बाहेर पडते. पाण्यात विरघळलेले क्षार वाळताना स्फटिक होतात, स्फटिक वाढताना विटेची छिद्रे फोडतात, आणि विटेचा भुगा होतो. यालाच आपल्याकडे भिंतीला लोणा लागणे म्हणतात. वाळवीही इथेच येते. तिला ओल लागते आणि अंधार लागतो, आणि सिमेंटच्या मागे दोन्ही मिळतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही; पण कडेचे फिके लाकूड आणि सतत भिजून कुजलेला पाय यांना ते संरक्षण राहत नाही.

चुन्याचे वेगळेपण त्याच्या जन्मातच आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला, वाळूत किंवा सुरखीत मळला आणि भिंतीला लावला की तो हवेतून तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगड होतो. हे व्हायला महिने लागतात, आणि घाईने काम उरकणाऱ्या काळात चुना मागे पडण्याचे तेच मोठे कारण. सिमेंट काही दिवसांत कडक होते, जास्त ओझे पेलते, आणि नव्या बांधकामाला ते योग्यच आहे. पण मऊ भिंतीवर कडक थर बसत नाही. भिंत ऋतूप्रमाणे थोडी हलते, सिमेंट हलत नाही, केसाएवढी भेग पडते, त्या भेगेतून पाणी आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही. साधा नियम असा की गिलावा नेहमी त्याखालच्या विटेपेक्षा मऊ असावा. झिजायचे तर गिलाव्याने झिजावे, कारण गिलावा पुन्हा करता येतो.

देवळालीच्या त्या भिंतीचे काम कसे झाले तेही सांगतो, कारण त्यात क्रम महत्त्वाचा होता. आधी बाहेर जोत्याला लागून चर खोदून त्यात खडी भरली आणि उतार घरापासून दूर काढला. वर पन्हळ बसवले. मग सगळे सिमेंट उतरवले. मीठ पाण्याने धुतले नाही, कोरड्या ब्रशने झाडून उचलले, कारण धुतले तर ते पुन्हा भिंतीत जाते. तुळईला टेकू देऊन खांबाचा कुजलेला पाय कापला, तळखडा वर घेऊन नीट बसवला आणि जुन्याच सागाचा तुकडा खाच मारून जोडला. भुगा झालेल्या विटा चार-चार करून बदलल्या. आणि मग भिंत अख्खा उन्हाळा तशीच उघडी ठेवली. हे सर्वात कठीण होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारी, काम अर्धवट का सोडले? जाड भिंत वाळायला महिने लागतात आणि त्याला कुठलाही शॉर्टकट नाही. चुन्याचा गिलावा शेवटी आला.

आता प्रेसच्या पगारावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या पिढीकडे येऊ. नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. या घरांचा काळ म्हणजे सिमेंटच्या परमिटचा काळ. १९८२ पर्यंत सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, त्या वर्षी ते अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. नियंत्रण अंशतः उठण्याच्या थोडे आधीच राज्याचे एक मुख्यमंत्री सिमेंट वाटपाच्या प्रकरणात पायउतार झाले, यावरून टंचाई किती होती ते लक्षात येईल. मोजून मिळालेल्या गोण्यांत घर पुरे करायचे, तर काटकसर स्लॅबच्या जाडीत आणि मालाच्या प्रमाणात होत असे. त्या वेळच्या भारतीय मानकानुसार स्लॅबच्या सळीखाली १५ मिलिमीटर काँक्रीट पुरेसे धरले जाई, आणि प्रत्यक्षात कित्येकदा तेवढेही नसे.

हे आच्छादन का महत्त्वाचे? ताज्या काँक्रीटमध्ये अल्कलीचे प्रमाण इतके जास्त असते की त्यात सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कली कमी करत जातो. ज्या वायूने चुना पक्का होतो तोच सळीचे संरक्षण काढून घेतो. तो किती खोल जाईल हे काळाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. याचा अर्थ असा की आच्छादन निम्मे असेल तर तो सळीपर्यंत निम्म्या नव्हे, चौथ्या हिश्श्याच्या काळात पोचतो. नाशिकसारख्या कोरड्या हवेत एवढ्याने लगेच बिघडत नाही. पण वरून गळती सुरू झाली की गंज धरतो, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आणि खालचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. काठीने किंवा छोट्या हातोड्याने छत ठोकून पाहिले तर सुटलेल्या जागी बोदा आवाज येतो. त्या जागेखाली लहान मुलाची खाट ठेवू नका, दुरुस्ती व्हायची असेल तेव्हा होईल.

गळतीवर आपला ठरलेला उपाय म्हणजे गच्चीवर कोबा. विटांचे तुकडे, सिमेंट आणि योग्य उतार असलेला कोबा उत्तम काम करतो. अडचण दुसऱ्या कोब्याची आहे. पहिला गळू लागला की तो फोडण्याचा त्रास आणि राडारोडा टाळून त्याच्यावरच दुसरा केला जातो. चार इंची कोबा म्हणजे दर चौरस फुटाला सुमारे १८ किलो ओझे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १८ टन. वापरात असलेल्या गच्चीवर माणसे आणि सामान मिळून जेवढे ओझे मानकात धरतात, त्यापेक्षाही हे जास्त झाले. गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर हे ओझे कायमचे ठेवायचे आणि गळतीची वाट मात्र पहिल्या कोब्याखाली तशीच ठेवायची, यापेक्षा घातक दुरुस्ती मला माहीत नाही. जुना कोबा काढूनच नवा करावा. ठेकेदार नको म्हणाला तर ठेकेदार बदलावा.

गळती शोधणे हेच मोठे काम आहे. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी शिरल्या जागी खाली उतरत नाही. ते सळीच्या कडेने, वायरच्या पाइपातून, उताराच्या दिशेने फिरते आणि पंख्याच्या हुकाशी टपकते. मालक हुकाभोवती प्लास्टर करून घेतो. खरी जागा बहुतेक वेळा पॅरापेट आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली किंवा पन्हाळीच्या तोंडाशी असते. ती शोधायला धीर लागतो. गच्चीचे भाग पाडून एकेका भागात बांध घालून पाणी साठवायचे आणि दोन दिवस खाली पाहत राहायचे. भिंतीची ओल आतून आहे की खोलीतल्या दमट हवेची, हे ओळखायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवावा. काही दिवसांनी थेंब कागदाच्या मागे आले तर ओल भिंतीतून, पुढे आले तर हवेतून. भेगेचेही तसेच. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. काच तडकली तर भेग चालती आहे, आणि चालती भेग बुजवणे म्हणजे पैसा पाण्यात.

नाशिकच्या या घरांत दोन भेगा वारंवार दिसतात. एक स्लॅबच्या लगेच खाली, आडवी. इथे हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. गच्चीचे काँक्रीट तर हवेपेक्षाही जास्त तापते. दहा मीटर लांबीचा स्लॅब वीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर लांबतो, खालची भिंत तेवढी लांबत नाही, म्हणून दोघांच्या सांध्यात भेग पडते. ती दिसायला वाईट असली तरी बहुधा धोक्याची नसते. दुसरी भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघते, पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते. ही काळ्या मातीची खूण. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर वर-खाली होते. इथे गवंड्याचा उपयोग नाही, अभियंता बोलवावा. त्याची फी वाचवून कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही.

अपार्टमेंटांबद्दल थोडक्यात. तिथे पाणी बहुधा वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून येते आणि भांडण खालच्या मजल्यावर होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत खर्चाची विभागणी स्पष्ट आहे. पावसाचे पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि गच्चीतून गळून खराब झालेले वरच्या मजल्याचे छत संस्थेच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतले संडास, सिंक, न्हाणी सभासदाच्या. भांडणाआधी ते पान काढून वाचले तर शेजारधर्म टिकतो. जुनी वायरिंग मात्र कुठल्याही पिढीच्या घरात थांबवून ठेवू नये. लाकडी पट्टीवरची रबरी वायर, अर्थिंग नसलेले प्लग आणि ओली भिंत हे एकत्र असेल तर रंग, फरशी, किचन ओटा सगळे मागे ठेवून आधी वायरमन बोलवा आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी स्विच बसवून घ्या.

ठेकेदाराशी होणारा बेबनाव जुन्या घरात जवळजवळ अटळ आहे, कारण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. "साहेब, हात घातला की काम वाढतं," हे वाक्य प्रत्येक मालकाने ऐकलेले असते, आणि ते बहुतेकदा खरे असते. म्हणून अंगावर घेतलेल्या एकरकमी कामापेक्षा मापावरचे काम बरे: गिलावा चौरस फुटाने, लाकूड घनफुटाने, मजुरी आणि माल वेगळा लिहिलेला. आधी दोन-तीन जागा उघडून पाहाव्यात, मग अंदाजपत्रक मागावे. हातातल्या पैशाचा चौथा हिस्सा बाजूला ठेवूनच कामाला हात घालावा. आणि क्रम सोडू नये: आधी छप्पर आणि पन्हळ, मग बाहेरचा निचरा, मग खांब-तुळया-सळ्या, मग नळ आणि वायर, मग वाळण्याचा काळ, आणि रंग सर्वात शेवटी. नाशिकला वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावर ते ६५ हजार लिटर पाणी होते. त्याची वाट लावून दिल्याशिवाय लावलेला रंग त्या पाण्याबरोबर जातो.

एवढे सगळे कळूनही पुष्कळ घरांची दुरुस्ती होत नाही, कारण निर्णय घ्यायला एक माणूस नसतो. आजोबांच्या नावावरचे घर, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सात-आठ वारस, कोणी पुण्याला, कोणी परदेशात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्यावरचा गोंधळ दूर केला. हा हक्क न्याय्यच आहे. अडचण हक्काची नाही, खर्चाची आहे: राहणारा म्हणतो मी एकट्याने का घालू, आणि लांबचा म्हणतो मी राहत नाही तर का देऊ. सर्व वारसांनी सह्या करून एवढे जरी लिहून ठेवले की दुरुस्तीवर जो खर्च करील त्याचे पैसे वाटणी किंवा विक्रीच्या वेळी आधी वळते होतील, तरी कित्येक घरांचे छप्पर वेळेवर झाकले जाईल.

भाडेकरू असलेल्या घराची कोंडी आणखी मोठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने नोटिशीनंतर पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिन्याला शंभर रुपये भाडे असेल तर ही मर्यादा वर्षाला तीनशे रुपये होते. तीनशे रुपयांत सिमेंटची एक गोणीही येत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला कायदा पुरत नाही, आणि दोघेही एकाच सडणाऱ्या तुळईखाली राहतात.

मुंबई शहरात यावर १९६९ पासून उत्तर शोधले गेले. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ झाले. त्याच्या कामाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण दुरुस्तीची जबाबदारी उचलणारी एक संस्था तरी तिथे आहे. नाशिकला तसे काही नाही. इथे महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घरांना नोटीस मिळते आणि कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासून घेण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. नोटीस बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर येते. तेव्हा ना भिंत वाळवता येते, ना खांब बदलता येतो, ना चुना धरतो. माणसे नोटीस घडी करून ठेवतात आणि पाऊस काढतात, आणि जुन्या नाशिकच्या वाड्यांपासून आपल्या देवळाली गावापर्यंत दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत खचल्याची बातमी येते.

महापालिकेला विनंती एवढीच आहे की ही नोटीस जूनऐवजी नोव्हेंबरमध्ये द्यावी. तिच्यासोबत अभियंत्याने पाहून लिहिलेले एक पान असावे: पाणी कुठून शिरते, कशाला टेकू हवा, कोणते काम परवानगीशिवाय करता येईल. आणि नवा रस्ता करण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा, म्हणजे घरांची जोती जमिनीच्या वर राहतील.